ओळखीचे चाळीस वाचक आणि अडखळणारा हात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही काही वर्षांपासून आंतरजालावर लिहिता. वाचणारे जेमतेम चाळीसएक, त्यातले बहुतेक ओळखीचे. सुरुवातीला सुचेल ते बिनधास्त लिहायचात. हल्ली लिहायला बसलं की एकेका वाक्याआड कुणाचा तरी चेहरा येतो आणि वाक्य बोथट होतं. मोठ्या भावाशी बोलणं तुटलं त्याबद्दलचा एक लेख कित्येक महिने अर्धवट पडून आहे. तेव्हा टोपणनाव घ्यावं, वाचक वाढवावेत, की लिहिणंच थांबवावं, असं तुम्ही विचारता.

मी स्वतः बरीच वर्षं अशा मूठभर वाचकांसाठी लिहिते आणि असं लिहिणाऱ्या इतरांचे खर्डे वाचून देण्याचं कामही करते. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: वाचक जितके थोडे तितकी मोकळीक जास्त. माझा अनुभव जवळजवळ उलटा आहे. हजारभर अनोळखी माणसांसमोर जे सहज सांगता येतं, ते वीस परिचितांसमोर जिभेवर येत नाही. अनोळखी वाचक रागावला तर निघून जातो. चुलतभाऊ रागावला तर घरातल्या पुढच्या समारंभात समोरच येऊन बसतो. तुम्ही सुरुवातीला मोकळं लिहीत होतात, कारण कोण वाचतंय हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. ती मोकळीक आयती मिळालेली होती. आता वाचकांना चेहरे आले आहेत, त्यामुळे पुढची मोकळीक थोडी मेहनत करून मिळवावी लागेल.

आधी एक सांगून ठेवते. तुमची परिस्थिती मला इथून पूर्ण दिसत नाही. तुमचा पगार, राहतं घर किंवा मुलांचा ताबा ज्याच्या हातात आहे असा माणूस वाचकांत असेल, किंवा त्याच्यापर्यंत मजकूर पोचण्याची शक्यता असेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवा आणि जपून राहा. तिथे गप्प राहण्याला भिडस्तपणा म्हणत नाहीत, शहाणपणच म्हणतात. मी पुढे जे लिहिते आहे ते अशांसाठी, ज्यांच्या बाबतीत फार तर कुणाची तरी नाराजी ओढवेल, एखादी व्यक्ती चार महिने तुटक वागेल, एवढाच धोका आहे.

आता त्या चेहऱ्यांकडे वळू. लिहिताना चाळीसही चेहरे कधीच येत नाहीत. दोन येतात, फार तर तीन. ते नेमके कुणाचे हे शोधून काढणं हे पहिलं काम. मी खर्ड्याच्या वरच्या बाजूला त्या माणसाचं नाव लिहिते आणि हा लेख वाचून तो काय म्हणेल ते त्याच्याच बोलीत एका ओळीत उतरवते. 'आमच्या घरातलं चव्हाट्यावर कशाला?' 'एवढं शिकून हे लिहायला वेळ आहे वाटतं.' 'तुझं सगळं ठीक आहे ना गं?' आक्षेप असा शब्दांत आला की त्याला उत्तर देता येतं किंवा तो रास्त असेल तर मान्य करता येतो. धूसर राहिला तर तो सगळ्या लेखावर पसरतो आणि मग भावावरच्या लेखात काय, प्रवासावरच्या लेखातसुद्धा आपण हातचं राखून लिहू लागतो.

या तिघांपैकी सर्वांत त्रासदायक तिसरा, काळजी करणारा. टीकाकाराला उत्तर देता येतं, काळजीला कसं देणार? उदास लेख टाकला की तासाभरात फोन येतो. अनोळखी वाचक लेखाकडे लेख म्हणून पाहतो, ओळखीचा वाचक त्याच लेखात तुमची खबरबात शोधतो. तुम्ही एकटेपणावर चार परिच्छेद जीव ओतून लिहावेत, आणि मावशीनं त्यातून एवढंच काढावं की तुम्ही नीट जेवत नाही! मला वाटतं, मोजक्या वाचकांसाठी लिहिणारे जे हळूहळू फक्त हलकंफुलकं लिहू लागतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना टीकेनं नाही, या फोनांनी गप्प केलेलं असतं.

यावर मला दोन उपाय लागू पडले. लेखातच काळ स्पष्ट करायचा: ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, ते दिवस संपले, आता मागे वळून लिहिते आहे. एवढ्या एका वाक्यानं निम्मे फोन थांबतात. दुसरा उपाय म्हणजे जी दोन-तीन माणसं खरोखर हलतील त्यांना आधीच सांगून ठेवायचं की असा एक लेख येतो आहे, मी बरी आहे. त्यांची परवानगी मागायची नाही, नुसती कल्पना द्यायची. परवानगी मागितलीत की त्यांना उगाच संपादक करून ठेवाल, आणि त्यांनाही ते पद नको असतं.

कुणाला उद्देशून लिहायचं, हा यापुढचा प्रश्न. सोळाव्या शतकातल्या फ्रान्समधला मिशेल द मोंतेन्य मला इथे नेहमी आठवतो. त्याच्या निबंधांचे पहिले दोन भाग १५८० साली छापून आले. सुरुवातीच्या निवेदनात तो सांगतो की हे पुस्तक घरगुती आणि खासगी हेतूनं, नातलग आणि मित्रांसाठी आहे. आपण गेल्यावर त्यांना आपल्या स्वभावाच्या काही खुणा यात सापडाव्यात. म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोरचा वाचकवर्ग तुमच्यासारखाच, मोजका आणि ओळखीचा. मोकळेपणाच्या मर्यादेबद्दलही तो प्रामाणिक आहे. माझे दोष इथे जसेच्या तसे दिसतील, पण लोकांची चाड राखून जितकं शक्य आहे तितकेच, असं तो तिथेच म्हणून ठेवतो. त्याचा जिवलग मित्र ला बोएसी १५६३ मध्ये वारला होता. बोलायला तसं कुणी असतं तर आपण निबंधांऐवजी पत्रांचाच प्रकार निवडला असता, असं त्यानं पुढे एका निबंधात लिहिलं आहे.

मला यातून कामाची वाटते ती एवढी गोष्ट: गटाला उद्देशून मोकळं लिहिता येत नाही, एका माणसाला उद्देशून येतं. तो माणूस मात्र जपून निवडायचा. नवरा, बायको, आई, सख्खी मैत्रीण नको, कारण त्यांना अर्धी गोष्ट आधीच माहीत असते आणि आपण ती अर्धी गाळून बसतो. माझा मनातला वाचक दुसऱ्या गावातला, माझ्याच वयाचा, माझ्या घराबद्दल काहीही ठाऊक नसलेला आणि कशानंही न दचकणारा असा कुणीतरी आहे. त्याला सगळं मुळापासून सांगावं लागतं, त्यामुळे लेख आपोआप स्पष्ट होतो. त्याला खूश करायचं नसतं, त्यामुळे लाडिकपणाही गळतो. ओळखीचे चाळीस जण मग जणू दुसऱ्याला लिहिलेलं पत्र वाचत असतात, आणि माझ्या अनुभवात त्यांना ते जास्त आवडतं.

काही मजकूर मात्र कुणालाच उद्देशून नसतो. तो वेगळा ओळखता यायला हवा. १९८६ साली मानसशास्त्राच्या अभ्यासक जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काही जणांनी आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल, काहींनी किरकोळ विषयांवर. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून उठल्यावर लगेच आणखीच वाईट वाटत होतं, पण पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रातल्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी होत्या. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम कुठे जास्त, कुठे अगदीच थोडा दिसला. पण त्या मुलांना ते लेखन ओळखीच्या कुणाला दाखवायचं नव्हतं, हे लक्षात घ्या. मन मोकळं करण्यासाठी वाचक लागतोच असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या खर्ड्यांत पहिली दोन पानं पुष्कळदा या जातीची असतात. ती लिहिल्याशिवाय तिसरं पान येत नाही, आणि वाचकाला द्यायचं असतं ते तिसऱ्या पानापासून. ती दोन पानं लिहा, तारीख घाला, बाजूला ठेवा. ती न दाखवण्यात कसलाही अप्रामाणिकपणा नाही.

आता भावाचा लेख. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गाठ इथेच आहे.

दुसऱ्या माणसाबद्दल लिहिताना नावं बदला, तपशील फिरवा असा सल्ला सर्रास दिला जातो. अनोळखी वाचकांपुढे तो चालतो. चाळीस परिचितांपुढे तो निकामी आहे. तुम्ही 'माझा एक नातेवाईक' लिहिलंत तरी पस्तीस जणांना कोण ते कळणार, आणि उरलेले पाच जण आपापसांत विचारून घेणार. उलट धूसर केल्यानं नवाच घोळ होतो. 'एक मैत्रीण' म्हणून लिहिलेला परिच्छेद तीन मैत्रिणी स्वतःवर ओढून घेतात, आणि जिच्याबद्दल लिहिला तिला तो दुसऱ्या कुणाबद्दल वाटतो. म्हणून ओळखीच्या वर्तुळात मी आडपडदा ठेवत नाही. लिहायचं तर सरळ, तो माणूस वाचणार आहे असं धरून. नाहीतर लिहायचंच नाही.

मग काय लिहायचं, काय नाही? मी एक गोष्ट तपासते: या वाक्यातली माहिती कुणाची आहे? भावानं बोलणं सोडल्यावर तुम्हाला काय वाटलं, तुम्ही काय बोललात, फोन हातात घेऊन परत ठेवलात, पुढे त्याच्या वाढदिवसाच्या तारखेचं काय झालं, हे सगळं तुमचं आहे. त्याचं कर्ज, त्याचा आजार, त्याच्या संसारातला तणाव, त्यानं एका रात्री तुम्हाला विश्वासानं सांगितलेलं काही, हे त्याचं. तुमच्या बाजूनं ते कितीही महत्त्वाचं असलं तरी ते खर्च करायचा हक्क तुम्हाला नाही. मधे एक पट्टा राहतो तो दोघांचा: भांडण स्वतः, त्यात उच्चारले गेलेले शब्द. तिथे मी माझे शब्द जसेच्या तसे देते आणि समोरच्याचे थोडक्यात, शक्य तितक्या उदारपणे देते. गंमत अशी की असं केल्यानं लेख मिळमिळीत होत नाही. समोरच्याला दोषी ठरवण्याची मुभा गेली की आपल्याला स्वतःकडे बघावं लागतं, आणि वाचण्यासारखं जे असतं ते बहुधा तिथेच असतं.

दुसरी चाचणी थोडी कडक आहे. हा लेख तुम्ही चाळीस जणांना द्यायचा की एकाच माणसाला पाठवायचा? तुमचा खर्डा मी पाहिलेला नाही. पण महिनोन् महिने अडलेला, जवळच्या माणसाबद्दलचा लेख पुष्कळदा लेख नसतोच, न पाठवलेलं पत्र असतं. ओळखायची खूण सोपी आहे. मजकुरात 'तो' लिहिता लिहिता 'तू' सुटत असेल, किंवा एखादं वाक्य फक्त त्यालाच कळेल असं असेल, तर ते त्याला पाठवा, किंवा पाठवू नका. पण चाळीस जणांच्या हातून त्याच्यापर्यंत पोचू देऊ नका. लोकांदेखत मांडलेला समेटाचा शब्दही ऐकणाऱ्याला दबावासारखा वाटू शकतो. आणि तुमच्यात पुन्हा बोलणं सुरू व्हावं अशी थोडीशी जरी आशा असली, तर लेखाला घाई नाही. तो दहा वर्षांनीही लिहिता येईल, कदाचित जास्त चांगला.

टोपणनावाबद्दल. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावानं शतपत्रं लिहिली. तेव्हा ते पंचविशीतले होते, सरकारी नोकरीत होते आणि आपल्याच समाजातल्या विद्वानांवर सडकून लिहीत होते. अशा लेखनाला टोपणनावाचा आधार होतो: विषय सार्वजनिक, मतं धारदार, आणि वाद मुद्द्यावर व्हावा, लिहिणाऱ्याच्या कुळावर होऊ नये. तुमचा विषय घरगुती आहे आणि वाचक ओळखीचे आहेत. त्यांना तुमची बोलण्याची ढब, लाडके शब्द, भावंडांची संख्या सगळं माहीत आहे. नव्या नावानं लिहून दुवा त्यांनाच पाठवणार असाल तर त्याला अर्थ नाही. नव्या नावानं अगदी नव्या, अनोळखी वाचकांपुढे जायचं असेल तर करून पाहा, मी अडवणार नाही. फक्त ते नाव एक दिवस उघड होईल असं धरूनच लिहा.

याच कारणासाठी, थोडे वाचक आहेत म्हणून मजकूर खासगी आहे असं समजू नका. एक स्क्रीनशॉट पुरतो. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून आंतरजालावरच्या पानांच्या प्रती साठवते आहे, तेव्हा तुम्ही पुसलेलं पान कुठेतरी शिल्लक असू शकतं. याच्या उलटही घडतं. असंख्य लोकांनी जिथे आपली पानं रचली होती ते जिओसिटीज हे संकेतस्थळ याहू कंपनीनं १९९९ मध्ये विकत घेतलं आणि २००९ मध्ये बंद केलं. ज्यांनी आपल्याकडे प्रत ठेवली नव्हती त्यांचं लेखन बरंचसं गेलं. नको ते टिकतं आणि हवं ते जातं. आपल्या प्रत्येक लेखाची साधी मजकूर-फाइल स्वतःजवळ ठेवायची, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या सुरातून जाणवलं म्हणून लिहिते. वाचकांची शांतता तुम्हाला खुपते आहे. कुणी काही बोललं नाही की तुम्ही त्याचा अर्थ नापसंती असा लावता, आणि पुढच्या लेखात आणखी जपून लिहिता. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये आंतरजालावरच्या समूहांसाठी एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एखादाच सतत बोलतो. तुमच्या चाळिसांना ते लावलं तर अधूनमधून बोलणारे तीन-चार, आणि सतत बोलणारा एखादाही धड भरत नाही. तेव्हा शांतता ही नेहमीचीच अवस्था समजा. त्यात ओळखीच्या माणसाला लेखाबद्दल लिहून कळवणं अवघडही वाटतं. तो चार महिन्यांनी भेटल्यावर मधेच म्हणतो, 'ते तू घर बदलण्याबद्दल लिहिलं होतंस ना...' आणि तेव्हा कळतं की त्यानं शब्दन् शब्द वाचला होता. आकडे बघायची सवय असेल तर ते पान निदान लेख टाकल्याच्या दिवशी उघडू नका. एवढंच पुरे आहे.

वाचक वाढवावेत का? मोकळेपणासाठी म्हणून नको. वाढलेले वाचक वेगळाच लगाम घेऊन येतात. एखादा लेख खूप फिरला की त्याच चवीचं आणखी मागितलं जातं, आणि आपण नकळत स्वतःची नक्कल करू लागतो. विनोदी लेखामुळे आलेल्या चारशे जणांपुढे गंभीर काही लिहिणं हे चाळीस नातेवाइकांपुढे लिहिण्याइतकंच जड जातं. वाचक आपोआप वाढले तर येऊ द्या. पण चार-पाच पूर्णपणे अनोळखी वाचक मिळाले तर त्यांना जरूर जपा. त्यांच्यामुळे ओळखीच्या चेहऱ्यांचा भार हलका होतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

थांबण्याचं म्हणाल, तर काही काळ थांबायला हरकत नाही. मात्र भावाच्या लेखापायी थांबू नका. तो बाजूला ठेवा आणि दरम्यान ज्यात कुणाचाच चेहरा येत नाही असे विषय घ्या: तुमचं काम, एखादं यंत्र, एखादा रस्ता, वाचताना न पटलेलं एखादं मत. हात सैल होतो. रागात लिहिलेलं आठवडाभर तसंच ठेवा, आनंदात लिहिलेलं त्याच दिवशी टाका; आनंद शिळा झाला की आपण त्यात नको तितकी अक्कल घालतो. आणि खरंच विश्रांती घ्यायची असेल तर निरोपाचा लेख लिहू नका. लिहिलात की परत येताना खुलासा द्यावा लागतो, आणि त्या खुलाशाच्या संकोचानं कित्येक जण परत येतच नाहीत. नुसते गप्प बसा. जेव्हा परत याल तेव्हा मधल्या काळाबद्दल एक अक्षरही न लिहिता थेट नव्या विषयाला हात घाला. ओळखीचे वाचक फार तर विचारतील, 'बरेच दिवसांनी?' त्यांना 'हो' म्हणा.